मोळीवालीच्या नातीची गोष्ट कोण लिहिणार?

खानदेशातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बघा. एका पोराच्या घरी अहिराणी बोलतात, दुसऱ्याच्या घरी लेवा बोली. चोपडा, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात तर पावरी आणि भिल्ली बोलणारी मुले भेटतात. चाळीसगावच्या बाजूला तांड्यावरचे पोर गोरमाटी बोलते. यावल-रावेरकडे तडवी आहेत. धुळ्यात यंत्रमागावर राबणारी मुसलमान कुटुंबे आहेत, त्यांची पुष्कळ मुले उर्दू शाळेत जातात. आणि या सर्वांच्या मध्ये आपली मुले आहेत.

ही मुले वर्षानुवर्षे शेजारी शेजारी वाढतात. एकाच हापशावर पाणी भरतात, एकाच मैदानावर क्रिकेट खेळतात. पण शेजारच्याच्या घरात काय शिजते, त्याची आजी कोणत्या गोष्टी सांगते, त्याच्या घरच्या भिंतीवर कोणाचे चित्र आहे आणि का आहे, हे त्यांना ठाऊक नसते. जे ठाऊक असते ते मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले असते. "त्यांच्याकडे जेवू नको", "ते लोक तसलेच", "त्यांना सगळे फुकट मिळते" ही वाक्ये पोर सहा वर्षांचे व्हायच्या आत त्याच्या कानावर पडतात. पुढे शाळा, कॉलेज, नोकरी, निवडणूक आणि मोर्चा या सर्व ठिकाणी तीच वाक्ये मोठी होऊन बाहेर येतात.

याला लहानपणीच उतारा द्यायचा तर एक स्वस्त साधन आहे, ते म्हणजे गोष्टीचे पुस्तक. परक्या घरातल्या मुलाची गोष्ट वाचताना मूल थोडा वेळ त्या घरात राहून येते. मात्र ते कोणत्या दाराने आत जाते, तिथे त्याला कोण भेटते आणि गोष्ट कोण सांगते, यावर सर्व अवलंबून असते. या लेखात तेवढीच एक बाजू पाहायची आहे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. अमळनेर आणि चाळीसगाव ही आपल्याच जिल्ह्यातली दोन गावे पुरेशी आहेत.

अमळनेरचे मास्तर

पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातल्या पालगडचे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारे हात साने गुरुजींचेच होते.

त्याआधी १९३० मध्ये त्यांना दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले होते. तिथे निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एकत्र होती. आपण एका देशाचे म्हणवतो आणि एकमेकांची भाषा, साहित्य, चालीरीती यांतले काहीच जाणत नाही, ही गोष्ट तिथे त्यांच्या मनाला लागली. पुढे त्यांनी तमिळमधल्या 'कुरळ'चा मराठी अनुवाद केला. पैगंबर महंमदांचे चरित्र सांगणारे इस्लामी संस्कृतीवरचे पुस्तक लिहिले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपल्या भाषेत आणावे, अशी ती कल्पना. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले आणि हे काम पुढच्यांकडे आले.

मुलांसाठी त्यांनी 'गोड गोष्टी' ही दहा भागांची माला लिहिली. तिच्यात जगातल्या मोठ्या कादंबऱ्या मुलांना समजतील अशा सोप्या मराठीत आणल्या. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेचा 'सायलस मार्नर' हा विणकर त्यांच्या पुस्तकात 'मनूबाबा' झाला. व्हिक्टर ह्यूगोच्या फ्रेंच कादंबरीवरून 'दुःखी' हे पुस्तक झाले. इराणातली बापलेकांची कथा 'सोराब नि रुस्तुम' या नावाने आली. ज्या काळात खेड्यातल्या मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकाशिवाय छापील कागद पडत नसे, त्या काळात त्याला इंग्लंड, फ्रान्स, इराणच्या माणसांचे दुःख कळावे म्हणून एक मास्तर रात्री जागून लिहीत होता. ही गोष्ट लहान नाही.

येथे एक बारीक फरक पाहण्यासारखा आहे. सोराब आणि रुस्तुम यांची नावे इराणीच राहिली, त्यामुळे ही माणसे दूरदेशची आहेत हे मुलाला कळते. मनूबाबाचे तसे नाही. नाव मराठी आणि गावही इकडचेच वाटावे असे. मुलाला विणकराविषयी माया वाटते, पण तो विणकर दुसऱ्या देशाचा होता हे त्याला कळतच नाही. गोष्ट येऊन पोहोचली, तिचा मूळ धनी मात्र वाटेत राहिला.

असे फार पूर्वीही झाले आहे. जळगावहून दोन तासांच्या आत अजिंठ्याला पोहोचता येते. तिथल्या सतराव्या लेण्यात वेस्सन्तर राजाची जातककथा भिंतीवर रंगवलेली आहे. पाली भाषेतल्या जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. या कथा श्रीलंका, म्यानमार, थायलंडला गेल्या आणि तिथल्या मुलांच्या झाल्या. खुद्द सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा पश्चिमेकडे गेली. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना 'बोधिसत्त्व' या शब्दाचे 'बुदासफ' झाले, त्याचे 'जोसाफत' झाले, आणि युरोपात जोसाफत हा ख्रिस्ती संत म्हणून पूजला गेला. ही कथा मुळात बुद्धाची आहे हे तिथल्या भाविकांना शेकडो वर्षे माहीत नव्हते. याचा अर्थ एवढाच की गोष्ट प्रवास करते, पण ज्याची गोष्ट त्याचा परिचय होईलच असे नाही. परिचय हवा असेल तर सांगणाऱ्याला गोष्टीबरोबर आणावे लागते.

मोळी उचलली, मग अंघोळ

साने गुरुजींचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक 'श्यामची आई'. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत त्यांनी ते लिहून काढले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आपल्याही पुष्कळ घरांतल्या मुलांना शाळेत हे पुस्तक बक्षीस मिळालेले असेल.

त्यात 'देवाला सारी प्रिय' नावाचे प्रकरण आहे. एक म्हातारी महारीण मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडली आहे आणि ती म्हातारीला एकटीला उचलवत नाही. शिवाशिवीमुळे कोणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलू लाग. लोक काय म्हणतील, असे श्यामला वाटते. त्यावर आई म्हणते की लोकांना सांग, मी घरी जाऊन अंघोळ करणार आहे. श्याम जातो आणि मोळी उचलून देतो.

ज्या काळात हे लिहिले त्या काळात ब्राह्मण घरातल्या मुलाला हे सांगणे धैर्याचे होते. ज्या लेखकाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता हे आपण जाणतो. तरी त्या उपोषणामागची तळमळ खरी होती.

पण हेच प्रकरण आपल्या वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलीला वाचायला द्या आणि ती कुठे थांबते ते पाहा. शेजारच्या बाकावरची मुलगी श्यामबरोबर चालते. त्याची भीती, त्याची आई आणि तिची माया हे सर्व तिला आतून कळते. आपली मुलगी अंघोळीपाशी थांबते. मोळी उचलून दिल्यावर अंघोळ का करायची, हा तिचा प्रश्न असतो. त्या म्हातारीला काय वाटले असेल, ती कोणत्या घरी गेली, तिच्या चुलीपाशी कोण बसले होते, याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. म्हातारीला नाव नाही. तिची नात असेल तर ती गोष्टीत नाही.

साने गुरुजींनी श्यामच्या घरातून जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्यांना त्या दुसऱ्या घरातून कसे दिसते ते लिहिता येणे कठीणच होते. म्हणून दोष त्यांना देण्यापेक्षा आपण आपल्याला प्रश्न विचारावा. श्यामची गोष्ट श्यामने लिहिली, मग मोळीवालीच्या नातीची गोष्ट कोण लिहिणार? या दोन्ही गोष्टी एकाच कपाटात शेजारी येतील, तेव्हाच समज दोन्ही बाजूंची होईल. आज जी पुस्तके 'सलोखा' आणि 'एकोपा' शिकवतात, त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांत एक मूल मदत करते आणि दुसरे मूल मदत घेते. अशा पुस्तकाने दया वाढते. ओळख वाढायला दुसऱ्या मुलालाही तोंड असावे लागते.

नऊ वर्षांच्या मुलाची साक्ष

दुसऱ्या बाजूने लिहिलेली गोष्ट कशी असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाचे त्यांचे एक छोटे आत्मकथनपर लेखन आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने छापले, आणि नंतर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले.

हे लेखन मुलांसाठी केलेले नव्हते. ते परदेशी माणसासाठी होते. अस्पृश्यता आहे एवढे परदेशी माणसाला माहीत असते, पण ती रोजच्या जगण्यात कशी टोचते हे त्याला समजत नाही. त्याला ते कसे समजवावे, असा बाबासाहेबांपुढे प्रश्न होता. प्रारंभीच ते सांगतात की याला दोन रीती आहेत. एक म्हणजे सर्वसाधारण वर्णन करणे, आणि दुसरी म्हणजे घडलेले प्रसंग सांगणे. दुसरी रीत जास्त परिणामकारक आहे असे ठरवून त्यांनी प्रसंग सांगितले. एका संस्कृतीची गोष्ट दुसऱ्या संस्कृतीच्या वाचकाला कशी सांगावी, याचा धडाच तिथे आहे. व्याख्यान देऊ नका, प्रसंग सांगा.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. भीवा नऊ वर्षांचा आहे. वडील गोरेगावला तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार आहेत. भीवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघतात. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घालून पोरे मोठ्या आनंदात आगगाडीत बसतात. मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो, पण मुले महार आहेत हे कळताच मागे सरकतो. गाडीवाले दुप्पट भाडे दिले तरी नेत नाहीत. अखेर एक तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. डब्यात भरपूर जेवण आहे, पण प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर गेलात तर मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला गाडीवाला देतो. भीवा उर्दूत बोलूनही पाहतो. पाणी मिळत नाही. पाण्यावाचून जेवण जात नाही, म्हणून पोरे उपाशी झोपतात.

आता ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगा. नवे कपडे, आगगाडी, न आलेले वडील, अंधार आणि तहान यांतले काहीही त्याला परके नाही. या सगळ्यातून जाता जाता तो त्या एका भिंतीपाशी येतो आणि विचारतो, त्यांना पाणी का दिले नाही? हा प्रश्न ज्या मुलाच्या तोंडून निघाला त्याला पुढे समतेवर निबंध पाठ करायला लागत नाही.

दुसरा एक प्रसंग आपल्या चाळीसगावचा आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. धुळ्याचे काम आटोपून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे त्याला कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याने पायी चालावे हे आपल्या लोकांना पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

या प्रसंगात शिव्याशाप नाहीत. टांगेवाल्याचा अभिमान आहे आणि यजमानांचे प्रेमही आहे. त्या प्रेमापोटीच पाहुण्याचा जीव धोक्यात आला, हे बाबासाहेब न रागावता लिहितात. आपल्या माणसांची चूकही ते लपवत नाहीत. आणखी एका प्रसंगात, १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर, आपल्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथले मुसलमान लोक अंगावर धावून आले. बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतला प्रसंगही आहे. भेद कोणा एकाच समाजात नव्हता, हे त्यांनी जसे घडले तसे सांगितले. आजचा लेखक मुलांसाठी लिहिताना एका समाजाला देव करतो आणि दुसऱ्याला राक्षस. बाबासाहेबांच्या लेखनात राक्षस कोणीच नाही, माणसेच आहेत, म्हणून ते खरे वाटते.

गोंड चित्रकारांनी काढलेले बाबासाहेब

हेच लेखन घेऊन २०११ साली दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने 'भीमायन' हे चित्रांचे पुस्तक काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रे काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड दांपत्याने. पुस्तकाच्या चित्रांत नेहमीसारखे चौकोन नाहीत. आपल्या घराच्या भिंतींवर जशी नक्षी काढतात तशी वळणे त्यांनी पानापानांवर आणली. आगगाडी सापासारखी वळते. मायेने बोलणाऱ्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहेत, आणि टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. अक्षर न येणाऱ्या पोरालासुद्धा पान उघडताच कळते की येथे कोण डसले.

यात महत्त्वाची बाब अशी की आदिवासी कलावंताने बाबासाहेबांची गोष्ट आपल्या नजरेने पाहिली आणि आपल्या रेषेत सांगितली. तिथे कोणी कोणावर उपकार केले नाहीत. दोन समाज एका पानावर बरोबरीने आले. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल मुलांच्या हाती असे पुस्तक गेले तर बाबासाहेब त्यांना 'दुसऱ्यांचे पुढारी' वाटणार नाहीत. तसेच आपल्या मुलांनाही कळेल की ज्या माणसांच्या बोलीला आपल्यातले काही जण हसतात, त्यांच्या हातात केवढी कला आहे. हसतात, हे खरे आहे. आपल्या वस्त्यांतही पावऱ्याच्या बोलीची नक्कल होते आणि पारध्याच्या पोराला दारात उभे करत नाहीत. समजुतीची पुस्तके आपल्याला इतरांसाठी जितकी हवीत तितकीच स्वतःसाठीही हवीत.

इतरत्रही असे प्रयत्न झाले. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संशोधन केंद्राने २००८ साली मुलांसाठी गोष्टींची एक माला काढली. तिच्यात दलित आणि मुसलमान घरांतली मुले स्वतःच नायक आहेत. एका गोष्टीत घरी बकऱ्याच्या मुंडीचे कालवण होते, त्याची मजा आहे. ज्या पदार्थावरून शाळेत डबा लपवावा लागतो, तो पदार्थ पुस्तकात मानाने आला की मुलाची मान वर होते, आणि शेजारचे मूलही नाक मुरडण्याआधी थबकते.

याची गरज युरोपलाही पडली होती. येला लेपमन ही ज्यू बाई हिटलरच्या काळात जर्मनी सोडून इंग्लंडला गेली. युद्ध संपल्यावर ती परत आली. बेचिराख झालेल्या देशात मुलांना अन्नवस्त्राबरोबर पुस्तकेही हवीत, तीही इतर देशांची, असे तिचे म्हणणे होते. तिने वीस देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके मागितली. जर्मनीने दोनदा आमच्यावर स्वारी केली, असे सांगून बेल्जियमने आधी नकार दिला. तिने पुन्हा लिहिले आणि पुस्तके आली. १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरले, १९४९ मध्ये तिथे मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले आणि १९५३ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी जागतिक संस्था स्थापन झाली. तिने जर्मन मुलांसाठी 'शेजाऱ्यांवर प्रेम करा' असे पुस्तक लिहून छापले नाही. शेजाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तके तिने मागवली. शेजारी आपल्या घरात कसे बोलतात ते जर्मन मुलांनी त्यांच्याच पुस्तकातून ऐकावे, ही तिची युक्ती होती.

मुलांना कटू कशाला?

काही पालक म्हणतात, एवढ्या लहान मुलांना कटू गोष्टी कशाला? त्यांना परीच्या, राजाच्या गोष्टी द्या. परी आणि राजा जरूर द्या. पण कटू गोष्ट मुलापर्यंत पुस्तकातूनच येते असे नाही. भीवाला ती मसूरच्या स्टेशनवर भेटली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आजही आडनाव विचारून मग दोस्ती करणारे पोर सात-आठ वर्षांचेच असते. जे मुलाच्या वाट्याला येतेच, ते त्याला शब्दांत मांडून देणारे पुस्तक त्याला आधार देते. आणि ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याला ते आधीच सावध करते.

मात्र प्रत्येक गोष्ट अन्यायाचीच हवी असे नाही. आपल्या मुलांची गोष्ट म्हणजे नेहमी रडगाणे, असे झाले तर तेही अर्धे चित्र. बाप स्लॅबच्या कामावर जातो, आई रात्री पुस्तक वाचून दाखवते, आजोबा भीमगीते म्हणतात, पोर पतंगाच्या मागे पळते, ही आपल्या घरातली रोजची मजा इतरांनाही दिसू द्या.

आपण लिहायचे कसे?

पुस्तक लिहायला पदवी लागत नाही. काही साध्या गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

एका पुस्तकात एकच प्रसंग घ्या. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामानिमित्त आले असता राहिले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. एक मुलगी आजीचा हात धरून ती टेकडी चढते आणि तिच्याबरोबर शेजारची एक मुसलमान किंवा लेवा मैत्रीण येते. मैत्रीण काय विचारते आणि आजी काय सांगते, एवढ्यावर एक पुस्तक होते.

गोष्ट ज्याची आहे त्याच्या तोंडून सांगा. आपण आपली सांगावी आणि दुसऱ्याची त्याला सांगू द्यावी. दुसऱ्याविषयी लिहायचेच असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारा. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे तो मुलगा-मुलगी पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार म्हणून रंगवला. आदिवासी संघटना सांगत आल्या की हा होळीच्या सणासाठी खरेदीचा आणि आनंदाचा बाजार आहे. ऐकीव माहितीवर मुलांचे पुस्तक लिहिले तर तोच गैरसमज छापील होतो आणि पन्नास वर्षे टिकतो.

मुलाच्या तोंडी त्याची बोली ठेवा. निवेदन सोप्या मराठीत असावे, पण आई मुलीला हाक मारते तेव्हा खानदेशात ती 'आंडेर' असेल तर आंडेरच लिहा. चित्रावरून आणि पुढच्या वाक्यावरून अर्थ लागतो. पावरी किंवा गोरमाटीचे दोन शब्द पुस्तकात आले तर त्या भाषेचे पोर वर्गात पहिल्यांदा इतरांचा मास्तर होते.

शेवटी बोध लिहू नका. "म्हणून मुलांनो, आपण सर्वांनी मिळून मिसळून राहावे" हे वाक्य आले की पोर पुस्तक मिटते. गोष्ट चांगली असेल तर बोध ते स्वतः काढते.

लिहून झाले की छापण्याआधी दोन ठिकाणी वाचून दाखवा. एकदा ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या मुलांपुढे, आणि एकदा ज्यांना ती माहीत नाही त्यांच्या मुलांपुढे. पहिल्या ठिकाणी पोरे म्हणाली, "आमच्याकडे असे नसते", तर दुरुस्त करा. दुसऱ्या ठिकाणी पोरे जांभया देऊ लागली तर कापा.

खर्चाचाही बाऊ नको. ए-४ आकाराचे चार कागद मधोमध दुमडून मध्ये टाचणी मारली की सोळा पृष्ठांचे पुस्तक होते. वस्तीतल्या चित्र काढणाऱ्या पोराकडून चित्रे काढून घ्या आणि झेरॉक्सवर पन्नास प्रती काढा. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी 'प्रथम बुक्स' या संस्थेचे २०१५ साली सुरू झालेले 'स्टोरीवीव्हर' पाहावे. तिथल्या गोष्टी विनामूल्य वाचता येतात, आपल्या भाषेत उतरवता येतात आणि छापताही येतात. मराठी गोष्टीही तिथे आहेत.

आपल्या समाजात सांगण्यासारख्या गोष्टींचा तोटा नाही. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला नवे डोळे दिले, पण ती मोठ्या माणसांसाठी होती. त्यातले बालपण अजून मुलांच्या हाती त्यांच्या भाषेत गेलेले नाही. ज्या आजींनी मोळ्या वाहिल्या, विटा उचलल्या, शेतात निंदणी केली, त्या अजून काही घरांत आहेत. दर वर्षी त्यातल्या काही जातात, आणि त्यांच्याबरोबर ज्या गोष्टी कुणी उतरून घेतल्या नाहीत त्याही जातात.

म्हणून येत्या सुट्टीत प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात पाच-दहा मुलांनी वह्या घेऊन बसावे. आजीला विचारावे, तू आमच्याएवढी होतीस तेव्हाचा एक दिवस सांग. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्याची सोळा पृष्ठे करावीत, वर तिचे नाव आणि लिहिणाऱ्या नातीचे नाव घालावे. पहिली प्रत आजीला द्यावी. दुसरी प्रत आपल्या कपाटात न ठेवता शेजारच्या वस्तीतल्या शाळेला द्यावी, आणि परत येताना त्यांच्याकडच्या एका आजीची गोष्ट मागून आणावी.